सॉकेट बदलायचंय? आधी शेजारचं बटण ओळखा

डिसेंबरात आमच्या गिझरचं सॉकेट वितळलं. सकाळचे साडेसहा, नाशिकची थंडी, बाथरूमच्या दाराबाहेर जळक्या प्लॅस्टिकचा वास, आणि थ्री-पिन ओढली तर सॉकेटचा अर्धा तुकडा तिच्यासोबत हातात आला. त्याच संध्याकाळी त्रिमूर्ती चौकातून नवं सॉकेट आणलं, बसवलं आणि स्वतःवर जाम खूश झाले. नवव्या दिवशी पुन्हा तोच वास.

आमच्या शेजारचे काका अंबडच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होते. त्यांनी सॉकेटकडे धड पाहिलंसुद्धा नाही. त्याच्या शेजारचं बटण काढलं, उलटं करून माझ्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाले, "वाच काय लिहिलंय." पाठीमागे बारीक अक्षरांत ६ अँपिअर. एक स्क्रू काळा पडलेला, त्याखालची तार वाकवली तर कटकन तुटली. सॉकेट १६ अँपिअरचं, गिझर २००० वॉटचा आणि मधे बटण ६ अँपिअरचं. आधीच्या मालकांनी कधीतरी घाईत बसवून घेतलेलं असणार. मी मात्र जे जळालेलं दिसलं तेवढंच बदललं होतं.

आपल्याकडे सॉकेट सहसा एकटं नसतं, त्याला बटण असतंच. सॉकेटमध्ये येणारा करंट आधी त्या बटणातून जातो. म्हणून सॉकेट बदलायला निघालात की बटणाची ओळख आधी करून घ्या. नव्या घरात राहायला गेलेल्यांसाठी, भाड्याच्या खोलीत पहिल्यांदाच बोर्ड उघडणाऱ्यांसाठी हे लिहितेय. मी इलेक्ट्रिशियन नाही. चुका करून, काकांची बोलणी खाऊन जे कळलं ते इथे आहे.

## १. हे काम तुमचं आहे का, ते आधी ठरवा

केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या सुरक्षेच्या नियमांत याची स्पष्ट रेघ आहे. घरातला दिवा, पंखा, फ्यूज, बटण, फिटिंग जसंच्या तसं बदलायला हरकत नाही, पण त्याने मूळ जोडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलता कामा नये. त्यापलीकडचं काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यायचं.

म्हणजे ६ अँपिअरचं सॉकेट काढून ६ चंच लावणं तुमच्या हातातलं आहे. "इथे आता इंडक्शन लावायचंय, तर १६ चं बसवून टाकू" हे नाही. तिथे भिंतीतली वायर बदलावी लागते, एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा खटका) बघावा लागतो.

आणखी कुठे हात लावायचा नाही, तेही इथेच सांगते. महावितरणचं मीटर आणि त्याचं सील. बोर्डातून अ‍ॅल्युमिनियमची, चंदेरी रंगाची तार निघाली तर तो बोर्ड. जुन्या नाशकातल्या वाड्यांत आणि बऱ्याच जुन्या घरांत अशी तार अजून सापडते. ती दोनदा वाकवली की तुटते आणि भिंतीत आखूड तुकडा उरतो. ओल आलेल्या भिंतीतला बोर्ड. आणि एमसीबी ऐवजी चिनीमातीचे कटआउट असून त्यात फ्यूजवायरच्या जागी भलतीच जाड तार गुंडाळलेली दिसली, तर आख्खं घरच.

## २. बटणाला विचारायचे तीन प्रश्न

दुकानात "एक बटण द्या" म्हटलं की समोरचा माणूस सगळ्यात जास्त खपतं ते काढून देतो. ते म्हणजे ६ अँपिअर वन-वे. त्याची चूक नाही, आपण विचारलंच तेवढं. तर जाण्याआधी आपल्या बोर्डातल्या बटणाला तीन गोष्टी विचारा.

पहिला: किती अँपिअर?

घरात दोनच मापं मुख्य, ६ आणि १६. जुने वायरमन आणि दुकानदार अजूनही "पाच" आणि "पंधरा" म्हणतात. त्यांना म्हणायचं असतं तेच. मोठी पॉवरची पिन जाड, तिचं सॉकेट मोठं. लहान पिन बारीक.

हिशोब अगदी शाळेतला आहे. आपल्याकडे घरगुती पुरवठा २३० व्होल्टचा. वॉटला २३० ने भागा की अँपिअर आले. ६ अँपिअरच्या पॉइंटवर जेमतेम १३८० वॉट, १६ वर ३६८० वॉट. आता घरातल्या वस्तू मांडा. १००० वॉटची इस्त्री साधारण ४.३ अँपिअर घेते, ७५० वॉटचा मिक्सर ३.३ च्या आसपास. दोन्ही ६ च्या पॉइंटवर चालतात. २००० वॉटचा गिझर किंवा इंडक्शन ८.७ अँपिअर. ३००० वॉटचा इन्स्टंट गिझर १३ अँपिअर. आणि १५०० वॉटची ती चहाची केटल साडेसहा अँपिअर घेते. तिला कोणी धोकादायक समजत नाही, कारण ती दिसायला मिक्सरपेक्षा साधी. जाड पिन काढून बारीक पिन लावून ती कुठे ६ च्या पॉइंटवर चालवली जात असेल, तर बघा.

बटणाच्या पाठीमागे आकड्यानंतर 'ए' किंवा 'एएक्स' लिहिलेलं असतं. एएक्स म्हणजे ट्यूबलाइटसारख्या, चालू होताना झटका देणाऱ्या लोडसाठीही तपासलेलं बटण. मिळालं तर तेच घ्या.

लक्षात ठेवायचं ते एवढंच की सॉकेट १६ चं तर बटण १६ चंच. उलट, ६ च्या सॉकेटला १६ चं बटण लावलं तर काही जळत नाही, पैसे थोडे जास्त जातात इतकंच. एक सापळा मात्र आहे. बाजारात ६ आणि १६ दोन्ही पिना बसणारं सॉकेट मिळतं. सोयीचं असतं, मीही वापरते. पण मागे १.५ स्क्वेअर एमएमची (हे वायरच्या जाडीचं माप) वायर असताना ते बसवलंत, तर उद्या पाहुण्यांपैकी कोणीतरी तिथे हीटर लावणार. सॉकेट सहन करेल, बटण कदाचित करेल, भिंतीतली वायर तापेल आणि ते कोणाला दिसणार नाही.

दुसरा: वन-वे की टू-वे?

यावर मी एक आख्खा रविवार घालवला आहे.

सिडकोतली घरं मुळात छोटी, मग लोकांनी वर मजले चढवले. आमचंही तसंच. जिन्याचा दिवा खालून लावून वर जाऊन बंद करता येतो. वरचं बटण खटखट करायला लागलं म्हणून मी साधं वन-वे आणून लावलं. संध्याकाळी गंमत सुरू झाली. खालचं बटण एका बाजूला असेल तरच वरचं चालायचं. नाहीतर वर कितीही दाबा, अंधार. घरातल्या प्रत्येकाने मला वेगवेगळ्या शब्दांत दोष दिला.

वन-वे बटणाला मागे दोन स्क्रू असतात. करंट आला, गेला. टू-वेला तीन असतात. मधला कॉमन, आणि त्याच्या दोन बाजूंना दोन वाटा. बटण इकडे टाकलं की कॉमन एका वाटेला जोडला जातो, तिकडे टाकलं की दुसऱ्या. जिन्याच्या खाली आणि वर अशी दोन टू-वे बटणं असतात, त्यांच्यामधे दोन तारा धावतात, आणि दोन्ही बटणं एकाच तारेवर आली की दिवा लागतो. मी वरती वन-वे लावलं तेव्हा त्यातली एक तार टेप गुंडाळून सोडून दिली होती. "ही जास्तीची दिसतेय," असं म्हणून. काकांनी ती टेप पाहिली आणि काही बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

म्हणून बटण उघडल्यावर मागे तीन स्क्रू आणि तिन्हींना तारा दिसल्या तर ते टू-वेच आहे, नवंही टू-वेच आणायचं. मधल्या स्क्रूवरची तार मधल्याच स्क्रूवर जायला हवी; बाजूच्या दोन आपसांत बदलल्या तरी चालतं. काही कंपन्यांच्या बटणांत कॉमन मधे नसून कोपऱ्यात असतो, तिथे पाठीवरची खूण वाचा. टू-वे बटण वन-वे म्हणून वापरता येतं, कॉमन आणि बाजूचा कुठलाही एक स्क्रू धरून. उलटं होत नाही.

चार स्क्रूंचं बटण निघालं तर दोन शक्यता. तीन ठिकाणांहून एकच दिवा चालवणाऱ्या जोडणीतलं ते मधलं बटण असेल, किंवा खाली सांगितलेलं डीपी. मधल्या बटणाला इंटरमीडिएट म्हणतात, प्रत्येक दुकानात मिळत नाही. ते तुमच्याकडे असेल तर फोटो काढल्याशिवाय एकही तार सोडू नका.

आणि बेलचं बटण. दिसायला तेच, पण बोट उचललं की परत येतं. घंटीची खूण बघूनच घ्या, नाहीतर दिवा लावून धरायला एक माणूस उभा करावा लागेल.

तिसरा: एक पोल की दोन?

साधं बटण फक्त फेज, म्हणजे वीज घेऊन येणारी तार, तोडतं. न्यूट्रल, म्हणजे परतीची तार, सॉकेटला थेट जोडलेला राहतो. डबल पोल, म्हणजे दुकानातल्या भाषेत डीपी, फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम तोडतं. २० किंवा ३२ अँपिअरची ही बटणं गिझर, एसी, पाण्याच्या मोटरीसाठी लावतात. पाणी आणि वीज जिथे जवळ येतात तिथे हे बरं. पूर्वी कोणी फेज-न्यूट्रलची अदलाबदल करून ठेवली असली तरी बटण बंद केल्यावर गिझरपर्यंत काहीच पोचत नाही. आमच्या गिझरला शेवटी डीपी बसलं, काकांच्या ओळखीच्या परवानावाल्या माणसाकडून. तिथली वायरही बदलायची होती, म्हणून ते माझं काम नव्हतं.

डीपीवर येणारं टोक आणि जाणारं टोक यांच्या खुणा असतात. त्या न बघता जोडलं आणि एकाच पोलच्या एका टोकाला फेज, दुसऱ्याला न्यूट्रल असं झालं, की बटण चालू करताच थेट शॉर्ट. डीपी स्वतः लावू नका, हा माझा सल्ला.

## ३. बोर्ड कोणत्या जातीचा?

जुन्या घरात लाकडी किंवा सनमायकाच्या पाटीवर पियानो बटणं असतात. त्यात एक सॉकेट, एक बटण सुटं मिळतं आणि कुठल्याही कंपनीचं बसतं, फक्त स्क्रूंमधलं अंतर बघायचं. नव्या घरांत मॉड्युलर, म्हणजे एका फ्रेममध्ये सुटे तुकडे बसवायचे. तिथे कंपनी आणि मालिका दोन्ही जुळाव्या लागतात. एकाच कंपनीच्या दोन मालिका एकमेकींच्या फ्रेममध्ये बसत नाहीत, हे मला पवननगर ते त्रिमूर्ती चौक अशा दोन फेऱ्यांनंतर समजलं. जुना तुकडा खिशात घालूनच दुकानात जा. "सफेद रंगाचं, असं चौकोनी" या वर्णनावर दुकानदार फक्त हसतो.

मॉड्युलरमध्ये जागा मॉड्यूलमध्ये मोजतात. बटण बहुधा एक मॉड्यूल, सॉकेट दोन. प्लेटा आणि बॉक्स १, २, ३, ४, ६, ८, १२ अशा मापांत येतात. तीन मॉड्यूलचा बॉक्स असेल तर एक सॉकेट आणि एक बटण, संपलं. तिथे आणखी यूएसबी चार्जर बसवायची स्वप्नं नकोत.

आयएसआय मार्क बघा. बटणावर आयएस ३८५४, सॉकेटवर आयएस १२९३ असा क्रमांक असतो. नुसतं कंपनीसारखं दिसणारं नाव पुरेसं नाही.

इंडिकेटरवालं बटण घेताना एक बारीक गोष्ट. काही बटणांतला छोटा लाल दिवा बटण बंद असताना जळतो, आणि त्याच्यातून किंचित करंट पुढे जात राहतो. अशा बटणावर एलईडी बल्ब असेल तर बंद केल्यावरही तो मिणमिणतो. आमच्या बेडरूममध्ये महिनाभर भुताटकीच्या चर्चा चालल्या होत्या.

## ४. हाताशी काय हवं

- निऑन टेस्टर, आणि जमल्यास साधा डिजिटल मल्टिमीटर
- मूठ इन्सुलेटेड असलेले दोन पेचकस, एक बारीक तोंडाचा
- पक्कड आणि वायर सोलायचं कटर
- चांगली इन्सुलेशन टेप
- जुन्या जाडीचीच वीतभर वायर, बटण ते सॉकेट जोडायच्या तुकड्यासाठी
- बॅटरी, मोबाइलची चालेल, पण मोबाइल तोंडात धरायची वेळ येते
- चपला, रबराच्या. कोरड्या.
- घरातलं दुसरं माणूस

शेवटचं विनोदाने लिहिलेलं नाही. एकट्याने घरी असताना बोर्ड उघडू नका.

वायरच्या जाडीबद्दल: दिव्या-पंख्याला १ किंवा १.५, साध्या सॉकेटला १.५, १६ अँपिअरच्या पॉवर पॉइंटला २.५, मोठ्या गिझरला आणि एसीला ४ स्क्वेअर एमएम असं साधारण धरतात. वायरच्या अंगावर दर थोड्या अंतरावर माप छापलेलं असतं.

## ५. लाइट बंद करा, आणि मग विश्वास ठेवू नका

डीबीतला, म्हणजे एमसीबींच्या पेटीतला, त्या खोलीचा एमसीबी खाली पाडा. कोणता ते माहीत नसेल तर मेनच बंद करा. घरातल्यांना सांगा, आणि एमसीबीवर टेपचा तुकडा लावा. आमच्याकडे सासूबाईंनी "अगं लाइट गेली वाटतं" म्हणून मेन वर केलेला आहे.

आता इन्व्हर्टर. मेन बंद केल्यावर बहुतेक लोक इथेच फसतात. मेन पडला की इन्व्हर्टरला वाटतं लाइट गेली, आणि तो त्याच्या लाइनीवर इमानेइतबारे २३० व्होल्ट पाठवायला लागतो. बोर्डातली काही बटणं मेलेली, काही जिवंत. इन्व्हर्टर मागून बंद करा. नुसतं पुढचं बटण नाही, त्याच्याकडून घरात जाणारी लाइन बंद झाली का ते बघा. सोसायटीत जनरेटरची वेगळी लाइन असेल तर तीही.

मग टेस्टर. आधी तो चालू असलेल्या दुसऱ्या पॉइंटवर लावून बघा, लागतोय ना. मग तुमच्या सॉकेटवर. मग पुन्हा त्या चालू पॉइंटवर. तीनदा का? कारण टेस्टरचा बल्ब मधेच गेला असेल तर मेलेला टेस्टर आणि मेलेलं सॉकेट सारखेच दिसतात. (मेन बंद असेल तर चालू पॉइंट शेजाऱ्यांकडे किंवा जिन्यात शोधावा लागतो. कंटाळा करू नका.)

दोन गोष्टी टेस्टरला फसवतात. एक, नव्या सॉकेटांत मुलांच्या बोटांसाठी शटर असतं. टेस्टर त्या प्लॅस्टिकलाच अडतो, बल्ब लागत नाही, आणि माणूस समजतो लाइट बंद आहे. शटरच्या सॉकेटवर बाहेरून केलेली तपासणी धरायचीच नाही. प्लेट उघडल्यावर मागच्या स्क्रूवर टेस्टर लावा. दोन, भर दुपारी खिडकीजवळ निऑनचा उजेड दिसत नाही. हाताने आडोसा करा.

## ६. उघडल्यावर पाच मिनिटं नुसतं बघा

प्लेटच्या कडेला पेचकस घालून हलकेच उचला. पियानो बोर्ड असेल तर कोपऱ्यांचे स्क्रू काढून पाटी पुढे ओढा, झटका न देता. पुन्हा प्रत्येक स्क्रूवर टेस्टर लावा. मग फोटो काढा, समोरून एक आणि दोन्ही बाजूंनी एकेक.

बघायचं काय? समोरून पाहताना सॉकेटचं वरचं मोठं छिद्र अर्थिंगचं, उजवं फेजचं, डावं न्यूट्रलचं. मागून बघताना डावं-उजवं उलटतं. इथे मी एकदा गोंधळले होते. म्हणून बाजूंपेक्षा स्क्रूशेजारचे एल, एन आणि अर्थिंगची खूण वाचा. फेज आधी बटणाला येतो, बटणातून छोट्या तुकड्याने सॉकेटच्या एलला जातो. न्यूट्रल थेट एनला, हिरवी अर्थिंगला.

रंगावर जाऊ नका. लाल, पिवळी, निळी फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थिंग हा रिवाज आहे. पण मागाहून चढवलेल्या मजल्यांमध्ये ज्या रंगाचं भेंडोळं उरलं होतं तीच वायर ओढलेली असते. आमच्या वरच्या खोलीत काळी फेज आहे. मी तिच्या टोकाला लाल टेप गुंडाळून ठेवलीय.

बटणाच्या एकाच स्क्रूत दोन तारा दिसल्या तर तो लूप आहे. एक तार येते, दुसरी पुढच्या बटणाला जाते. त्या दोघींना नव्या बटणातही एकत्रच बसवायचं. एक सुटली की पुढचा पंखा, दिवा, सगळं बंद, आणि तुम्ही विचार करत बसता की सॉकेट बदलल्याने पंखा कसा गेला.

बटण ते सॉकेट जोडणारा तो दोन-तीन इंचांचा तुकडा काढून जाडी बघा. भिंतीतून २.५ ची वायर आलेली आणि इथे मात्र उरलेला १ चा तुकडा, हे फार वेळा दिसतं. आमच्या गिझरच्या बोर्डातही बारीकच होता.

अर्थिंगचं छिद्र रिकामं असेल, म्हणजे तिथे तारच नसेल, तर तसं समजून घ्या आणि गिझर, फ्रिज, वॉशिंग मशीन तिथे लावू नका. पण अर्थिंगच्या स्क्रूपासून न्यूट्रलच्या स्क्रूपर्यंत कोणी छोटा तुकडा जोडलेला दिसला, तर लगेच थांबा. काही वायरमन हा 'जुगाड' करतात. मागे कुठे न्यूट्रल तुटला की मशीनच्या पत्र्यावर थेट फेज येतो. तो बोर्ड बंद ठेवून जाणकाराला बोलवा.

## ७. एक तार सोडा, एक तार जोडा

सगळ्या तारा एकदम सुट्या करू नका. जुन्याची एक सोडा, नव्याला त्याच जागी लावा, मग दुसरी.

तारेचं टोक जळून काळं पडलं असेल तर तेवढं कापून नवं सोला. साधारण एक सेंटिमीटर पुरतं. सोलताना आतले तांब्याचे धागे कापले जाऊ नयेत. सात धाग्यांतले दोन गेले तर ती वायर तेवढी बारीक झाली. धागे घट्ट पिळा, बारीक असतील तर टोक दुमडून दुहेरी करा, छिद्रात घाला, स्क्रू आवळा. स्क्रूखाली तांबं यायला हवं, प्लॅस्टिकचं आवरण नाही. बाहेरही उघडं तांबं लोंबता कामा नये. मग तार ओढून बघा, जरा जोरातच. निघाली तर आत्ताच निघू दे.

घरच्या बोर्डात जळण्याचं मुख्य कारण ढिला स्क्रू. सांधा ढिला की तिथे अडथळा, अडथळा की उष्णता, उष्णतेने धातू फुगतो-आकसतो आणि स्क्रू आणखी ढिला. आमच्या बटणात दोन्ही होतं, माप कमी आणि स्क्रू ढिला.

जाड वायरीची दोन टोकं एका छिद्रात जात नसतील तर धागे कापून जागा करू नका. छिद्र लहान म्हणजे बटण कमी मापाचं, हे तिथेच कळतं.

तारा मागे बॉक्समध्ये घडी घालून बसवा. प्लेट जोर लावून दाबावी लागत असेल तर मागे काहीतरी चिमटतंय.

## ८. चालू करताना

बटण बंद ठेवूनच एमसीबी वर करा. पडला तर पुन्हा वर करत बसू नका, उघडून बघा.

आता एक तपासणी करा जी कोणी करत नाही. बटण बंद असताना टेस्टर सॉकेटच्या उजव्या छिद्रात लावा. शटर असेल तर हे प्लेट लावण्याआधी मागच्या एल स्क्रूवर करा, बोटं पेचकसाच्या मुठीवर. टेस्टर लागला नाही पाहिजे. लागला, तर तुमचं बटण न्यूट्रल तोडतंय किंवा फेज थेट आलाय. यंत्र बंद दिसेल, पण आत वीज आहे. दिव्याच्या बाबतीत हे जास्त वाईट. बटण बंद करून बल्ब बदलायला चढलेल्या माणसाला होल्डरमध्ये जिवंत फेज भेटतो. मग बटण चालू करून बघा. उजव्यात लागला पाहिजे, डाव्यात नाही, वरच्या अर्थिंगमध्ये तर कधीच नाही.

डीबीत आरसीसीबी (करंट गळला की पडणारा खटका) असेल तर त्यावरचं 'टी' लिहिलेलं छोटं बटण दाबा. खटका पडला पाहिजे. घरात ३० मिलिअँपिअरचा लावतात. गळणारा करंट तेवढा झाला की तो लाइन तोडतो. पडला नाही तर तो बदलून घ्यावा लागेल. आमचा पडला नव्हता. किती वर्षं तसाच होता कोण जाणे.

शेवटी इस्त्री किंवा त्या पॉइंटवरचं नेहमीचं यंत्र लावा, पंधरा मिनिटं चालू द्या, बंद करून पिन काढा आणि पिनेला, प्लेटला, बटणाला हाताची पाठ लावून बघा. कोमट ठीक. चटका बसला, वास आला, आतून चरचर ऐकू आली तर एमसीबी पाडा आणि स्क्रू पुन्हा बघा. आठवड्याने हीच तपासणी परत करा. मी तेवढं केलं असतं तर नवव्या दिवसापर्यंत वाट बघावी लागली नसती.

मीटरपासून पुढची वायरिंग आपली जबाबदारी आहे, पण खांबावरून येणारी तार ठिणग्या टाकत असेल किंवा मीटरपाशीच जळका वास असेल तर ते महावितरणचं काम. १९१२ ला फोन लावा आणि तोपर्यंत मेन बंद ठेवा.

काम झाल्यावर मी डीबीच्या झाकणाच्या आत एक कागद चिकटवलाय. कोणत्या एमसीबीवर कोणती खोली, इन्व्हर्टरची लाइन कुठल्या बोर्डांत, काळी फेज कुठे. आणि सगळ्यात खाली, सासूबाईंच्या अक्षरात: "टेप लावलेली असेल तर वर करू नये."